खाली बसविलेल्या क्रूझर मोटारसायकलची मूळ उंची : तंत्र, मोजमाप आणि कायदा

नोएडा : क्रूझर मोटारसायकलची उंची कमी करून घेण्याची हौस दिल्ली आणि तिच्या परिसरात जुनी आहे. दिल्लीच्या करोल बागेत दुचाकींच्या सुट्या भागांची आणि सजावटीच्या साहित्याची मोठी बाजारपेठ असून नोएडापासून ती फार दूर नाही. गाडी अधिक ठेंगणी दिसावी किंवा दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकावेत, या दोन कारणांसाठी हा बदल प्रामुख्याने केला जातो. कालांतराने गतिरोधकावर इंजिनाचा तळ घासू लागतो, खड्ड्यात पाठीला हिसका बसतो किंवा अशी गाडी जुन्या बाजारातून नव्या मालकाकडे येते. तेव्हा मूळ उंची परत आणण्याचा प्रश्न उभा राहतो. हे काम केवळ गाडी वर उचलण्याचे नाही. पुढची व मागची उंची, स्प्रिंगची ताकद आणि फोर्कचा कोन यांचा मूळ मेळ पुन्हा जुळविणे, हा त्याचा खरा अर्थ आहे.

उंची कशी कमी केली जाते?

मागच्या बाजूला मूळ शॉक अ‍ॅब्सॉर्बर काढून आखूड शॉक बसवितात किंवा शॉकच्या खालच्या टोकाला पट्टी जोडून त्याची जागा बदलतात. पुढच्या बाजूला फोर्कच्या नळ्या धरून ठेवणाऱ्या भागातून, ज्याला कारागीर ‘टी’ म्हणतात, नळ्या वर सरकविल्या जातात. सर्वांत घातक प्रकार म्हणजे स्प्रिंग कापणे. कापलेली स्प्रिंग आखूड होते, तशीच ती अधिक कडकही होते, कारण वेढे कमी झाल्याने तेवढ्याच दाबासाठी अधिक बल लागते. अशी स्प्रिंग पुन्हा मूळ स्थितीत आणता येत नाही. ती बदलावीच लागते.

उंची घटल्याने काय बिघडते?

बजाज ऑटोच्या अ‍ॅव्हेंजर क्रूझ २२० चे उदाहरण घेता येईल. या गाडीच्या दोन चाकांमधील अंतर १,४९० मिलिमीटर आणि जमिनीपासूनची मोकळी उंची १६९ मिलिमीटर आहे. केवळ मागची बाजू ५० मिलिमीटरने खाली आणल्यास संपूर्ण चौकट सुमारे दोन अंशांनी मागे कलते. फोर्कचा झुकाव तेवढाच वाढतो आणि वळविताना हँडल जड लागते. हेडलाइटही त्याच कोनाने वर पाहू लागतो. २५ मीटर अंतरावर प्रकाशझोत सुमारे ८४ सेंटिमीटर वर चढतो, म्हणजे तो रस्त्यावर पडण्याऐवजी समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. याउलट केवळ पुढची बाजू खाली आणल्यास झुकाव घटतो आणि वेगात हँडल अस्थिर, चंचल होते.

गतिरोधकांचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक निकषानुसार ताशी २५ किलोमीटर वेगासाठी गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. एवढ्या रुंद उंचवट्यावर गाडीची दोन्ही चाके एकाच वेळी चढलेली असतात. त्यामुळे १,४९० मिलिमीटर अंतराच्या चाकांमध्ये उंचवट्याचा फुगवटा जेमतेम १६ मिलिमीटर भरतो. परंतु निवासी वसाहतींच्या फाटकांशी किंवा गल्ल्यांमध्ये तेवढ्याच उंचीचा, मात्र हातभर रुंदीचा गतिरोधक घातलेला असेल, तर तो दोन चाकांच्या मध्ये येतो आणि पूर्ण १०० मिलिमीटर उंची व्यापतो. दोन्ही बाजूंनी ५० मिलिमीटर खाली आणलेल्या अ‍ॅव्हेंजरला तेथे १९ मिलिमीटरच उरतात. चालक आणि मागे बसणारी व्यक्ती यांच्या वजनाने गाडी त्याहून अधिक बसते. मग तळ घासणे अटळ ठरते.

रॉयल एनफिल्डच्या मीटिअर ३५० ची मोकळी उंची १७० मिलिमीटर, तर सुपर मीटिअर ६५० ची १३५ मिलिमीटर आहे. दुसऱ्या गाडीत कारखान्यातूनच कमी जागा असल्याने तिची उंची आणखी घटविण्याची किंमत मोठी ठरते.

याशिवाय वळणावर गाडी कलली की पाय ठेवण्याच्या पट्ट्या लवकर रस्त्याला टेकतात. आखूड शॉकची हालचाल कमी असल्याने तो खड्ड्यात तळाशी आदळतो. फोर्कच्या नळ्या फार वर सरकविल्या असतील, तर जोराच्या ब्रेकवेळी पुढचा मडगार्ड किंवा टायर ‘टी’च्या खालच्या भागाला लागण्याचा धोका असतो.

दुरुस्तीपूर्वीची नोंद

सर्वप्रथम त्या मॉडेलच्या कार्यशाळा पुस्तिकेतून तीन आकडे मिळवावेत : मागच्या शॉकच्या दोन छिद्रांमधील अंतर, फोर्कची नळी ‘टी’च्या वर किती दिसावी याचे माप आणि फोर्कमधील तेलाची पातळी. पुस्तिका हाती नसल्यास अधिकृत सेवा केंद्रातून किंवा त्याच मॉडेलच्या, बदल न केलेल्या गाडीवरून माप घेता येते. त्यानंतर आपल्या गाडीत नेमके काय बदलले आहे याची यादी करावी. आखूड शॉक, जोडपट्ट्या, कापलेल्या स्प्रिंग यांबरोबरच साइड स्टँडही तपासावा. खाली आणलेली गाडी मूळ स्टँडवर जवळजवळ उभी राहते आणि दुसऱ्या बाजूला पडू शकते. म्हणून अनेकदा स्टँडही कापलेला असतो.

कामाचा क्रम

गाडीची चौकट भक्कम आधारावर घेऊन चाकावरील भार काढावा. मागचे शॉक नेहमी जोडीने बदलावेत. एक जुना आणि एक नवा असे ठेवू नये. एका वेळी एकच बाजू सोडल्यास स्विंगआर्म जागेवर राहतो. येथे एक बाब लक्षात ठेवावी. शॉक मागच्या आसाच्या पुढे बसविलेला असेल, तर त्याच्या लांबीतील फरकापेक्षा चाकाच्या जागेतील फरक अधिक असतो. म्हणून ‘दोन इंच खाली आणली, तर दोन इंच लांब शॉक लावावा’ हा हिशेब चुकतो. मूळ लांबीचाच शॉक बसविणे योग्य.

पुढच्या बाजूला ‘टी’चे बोल्ट सैल करून दोन्ही नळ्या मूळ खुणेपर्यंत आणाव्यात आणि दोहोंचे माप समान असल्याची खात्री करावी. स्प्रिंग कापलेल्या असल्यास नव्या बसवून तेलाची पातळी दोन्ही नळ्यांत सारखी ठेवावी. ऑइल सील आणि हँडलचे बेअरिंग, म्हणजे कोन सेट, याच वेळी तपासणे सोयीचे असते. सर्व बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या बलानुसार टॉर्क पान्याने आवळावेत.

उंचीची खरी कसोटी

गाडी रिकामी उभी असताना घेतलेले माप पुरेसे नसते. चाक अधांतरी असताना मागच्या आसापासून चौकटीवरील एका ठरलेल्या खुणेपर्यंतचे उभे अंतर मोजावे. नंतर चालकाने नेहमीच्या पोशाखात आसनावर बसावे, दुसऱ्याने गाडी सरळ धरावी आणि तिसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजावे. या दोहोंतील फरकाला सॅग म्हणतात. साधारणपणे तो चाकाच्या एकूण हालचालीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतका असावा. मीटिअर ३५० च्या फोर्कची हालचाल १३० मिलिमीटर आहे. तेथे हा फरक सुमारे ३३ ते ४३ मिलिमीटर येईल. घर्षणामुळे माप थोडे बदलते, म्हणून तीनदा मोजून सरासरी घ्यावी.

सॅग अधिक असल्यास शॉकवरील प्रीलोडचा टप्पा वाढवावा. मात्र प्रीलोड वाढविल्याने स्प्रिंग बळकट होत नाही. ती आधीच दाबली गेल्याने गाडी वर राहते, एवढेच. आखूड शॉक कायम ठेवून प्रीलोड शेवटच्या टप्प्यापर्यंत नेणे किंवा स्प्रिंगखाली कडी घालणे हा फसवा उपाय आहे. गाडी उंच दिसते. पण शॉकची हालचाल तेवढीच तोकडी राहते आणि खड्ड्यातून चाक खाली उतरण्यास जागा उरत नाही.

उंचीबरोबर बदलणाऱ्या गोष्टी

उंची परतली की स्विंगआर्मचा कोन बदलतो आणि चेनचा ताणही. पुढचे दातेरी चाक, स्विंगआर्मची खीळ आणि मागचा आस एका रेषेत आले की चेन सर्वाधिक ताणली जाते, म्हणून तिचा सैलपणा नव्याने बसवावा. ब्रेकच्या नळ्या आणि तारा हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून, कोठे ताणत नाहीत ना, हे पाहावे. कापलेला साइड स्टँड बदलावा. अन्यथा गाडी धोकादायकरीत्या कलून उभी राहते. हेडलाइटचा झोत पुन्हा जुळवावा आणि पहिल्या काही फेऱ्यांनंतर बोल्ट तपासावेत.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल, असा फेरबदल वाहनमालकाला करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निर्मात्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदलास मनाई असल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक फेरबदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. न कळविलेला बदल अपघातानंतर विमा दाव्याच्या वेळीही अडचणीचा ठरू शकतो. त्यामुळे मूळ भाग बसविल्याची पावती जपून ठेवणे हिताचे.

पाय टेकत नसल्यास

उंची घटविण्यामागे पाय न टेकणे हे कारण असेल, तर मूळ उंची आणल्यावर ती अडचण परत येते. त्यावर उपाय आसनात शोधावा. आसनाचा फोम कमी करून त्याच्या कडा अरुंद केल्या, तर पाय सरळ खाली जातो. निर्मात्याने उपलब्ध केलेले कमी उंचीचे आसन किंवा जाड तळव्याचे बूटही उपयोगी पडतात. यांपैकी कोणत्याही उपायाने फोर्कचा कोन, शॉकची हालचाल किंवा जमिनीपासूनचे अंतर बदलत नाही.