धाग्यासाठी थांबणारा माग

आमच्या इचलकरंजीत माणसाला झोप लागते ती मागांच्या खडखडाटात आणि जाग येते ती लाईट गेल्यावर. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून हा आवाज गावाच्या अंगवळणी पडला आहे. अब्बा रात्रपाळीला चार माग चालवायचे. मी डबा घेऊन जायचो आणि धोट्याची ये-जा बघत उभा राहायचो.

मला मोठं नवल वाटायचं ते एका गोष्टीचं. कांडीवरचा आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबे. फणीजवळ एक लहानसा काटा असतो. धागा जागेवर असला की तो काट्याला ढकलतो. ढकलायला धागाच नसला की काट्याचं शेपूट खालच्या आकड्यात अडकतं, हँडल सुटतं आणि माग उभा राहतो. त्यात ना वीज, ना मेंदू. हा काटा १८४१ साली इंग्लंडातल्या ब्लॅकबर्न गावी केनवर्दी आणि बुलो या दोघांनी कामाचा करून दाखवला. लँकेशायर माग म्हणून जो जगभर गेला, त्याचा हा प्राणच. आमच्याकडचे साधे माग त्याच घराण्यातले.

उभ्या धाग्यांची अक्कल मागाला यायला आणखी वेळ लागला. प्रत्येक उभ्या धाग्यावर पत्र्याची एक पातळ पट्टी अडकवायची. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग थांबतो. जपानमध्ये साकिची टोयोडा या सुताराच्या मुलानं आयुष्यभर मागाचाच ध्यास घेतला. १९२४ साली त्यानं जो स्वयंचलित माग पुरा केला, तो धागा तुटल्यावर थांबत होता आणि न थांबता धोटाही बदलत होता. १९२९ साली इंग्लंडातल्या प्लॅट ब्रदर्स कंपनीनं त्याचे हक्क १ लाख पौंडांना घेतले. टोयोटा मोटारींच्या मागे हा माग आहे, हे मोटारीत बसणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असतं. चूक झाली की यंत्रानं स्वतः थांबावं, हा त्या मोटार कारखान्याचा पुढं जगप्रसिद्ध झालेला नियम या मागातूनच आला.

पण हे सगळं थांबणं कापडासाठी होतं. धागा तुटून माग चालूच राहिला तर कापड वाया जातं, आणि कापडाला किंमत असते.

१९८२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री लाईट गेली. माग थांबले. मजुरी मीटरवर, त्यामुळे माग थांबला की मजुरीही थांबली. वेळ फुकट जायला नको म्हणून अब्बा कंदील घेऊन गिअरच्या दातांत गुंडाळलेलं सूत काढायला बसले. हँडल खाली करायचं राहून गेलं. थांबलेल्या मागाचं हँडल कोण बघतं? लाईट आली. उजव्या हाताची दोन बोटं गेली. मालकांनी दवाखान्याचा खर्च केला, वर थोडी उचल दिली. ती पुढं मजुरीतून कापून घेतली. माझे अब्बा त्यांना कधी वाईट बोलले नाहीत.

पुढं बी. ए. ला इतिहास घेतला तेव्हा मी कायद्याची पुस्तकं चाळली ती या दोन बोटांसाठी. काटा १८४१ चा; यंत्राला कुंपण घाला, चालू यंत्र मुलांकडून साफ करून घेऊ नका, हे इंग्लंडच्या कायद्यात १८४४ साली आलं. आपल्याकडं पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्यानंतर तीन वर्षांनी नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांची सभा घेतली. त्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना आठवते. पण त्यातच आणखी एक मागणी होती: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचं अपंगत्व आलं तर त्याच्या पोटाची सोय व्हावी. नुकसानभरपाईचा कायदा झाला १९२३ साली. मधली एकोणचाळीस वर्षं कुणाच्या हिशेबात धरायची?

१९४८ च्या कारखाना कायद्यानं प्रत्येक खात्यात तातडीनं वीज तोडायची सोय सक्तीची केली. बंद केलेलं बटन आपोआप चालू होऊ नये म्हणून ते कुलूपबंद करता यावं, ही तरतूद मात्र १९७६ च्या दुरुस्तीत आली. अब्बांच्या रात्रीच्या सहा वर्षं आधी. आणि आली तरी तो कायदा विजेवर चालणाऱ्या, दहा किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला लागू होता. आमच्याकडं शेडमध्ये भिंती घालून दहाचे पाच-पाच कसे होतात, हे गावाला सांगायला नको. २०२० साली संसदेनं नवी संहिता मंजूर केली, तिच्यात हा कायदा सामावला आणि दहाचे वीस झाले.

प्रगत देशांत तरी काय होतं? १९८१ साली जपानमध्ये अकाशीच्या कारखान्यात यंत्रमानव तपासायला गेलेला एक कामगार त्याच यंत्राच्या हाताखाली चिरडला गेला. यंत्राभोवती कुंपण होतं. फाटक उघडलं असतं तर वीज आपोआप तुटली असती. तो कुंपणावरून उडी मारून आत गेला होता. मला त्यात वेडेपणा दिसत नाही. थांबवणं महाग असतं, हे कामगाराला कुणी शिकवावं लागत नाही. दुरुस्तीच्या वेळी कुलूप लावण्याचा सविस्तर नियम अमेरिकेनंसुद्धा १९८९ साली केला.

ते कुलूप मी प्रथम पाहिलं ते भाच्याकडं. तो एअरजेट मागांवर मेकॅनिक आहे. मागावर पिवळ्या बैठकीचं लाल बटन होतं. मी म्हटलं, ‘‘हे दाबलं की झालं ना?’’

‘‘नाही मामू. हे घाईच्या वेळेचं. फिरवलं की सुटतं, आणि ते कुणीही फिरवेल.’’

त्यानं मेन स्विच खाली ओढला, त्याला लाल कुलूप घातलं, स्वतःचा फोटो असलेली चिठ्ठी अडकवली आणि किल्ली खिशात टाकली. नळीत कोंडलेली हवा सोडली. वीज गेली तरी ती हवा असतेच. मग त्यानं चालू करायचं बटन दाबलं. मी दचकलो. माग हलला नाही. ‘‘हे बघायचंच असतं,’’ तो म्हणाला आणि त्यानं हात आत घातला. एका कुलपाला किल्ली एकच. दुसरा माणूस कामाला आला की तो आपलं दुसरं कुलूप लावतो.

घरी येऊन मी हे अब्बांना सांगितलं. दुआसाठी उचलावे तसे दोन्ही हात त्यांच्या मांडीवर उलगडलेले होते. ते म्हणाले, ‘‘कुलूप केवढ्याला मिळतं?’’ मी किंमत सांगितली. ते काही बोलले नाहीत.

आजही लाईट गेली की ते अंधारात चाचपडत उठतात. पंखा, टीव्ही, मिक्सर, सगळ्यांची बटनं एकेक करून बंद करतात आणि मग खुर्चीत येऊन बसतात.