रविवार, राणीची बाग आणि अडीच वर्षांची माणसं

हा भाग ऐकायच्या ऐवजी वाचताय, म्हणजे बहुतेक लोकलमध्ये उभे असाल आणि इअरफोन घरी राहिला असेल. हरकत नाही.

आजचा विषय साधा आहे. दोन-अडीच वर्षांचं पोर, आई-बाबा, जमलं तर आजी, पाण्याची बाटली, डबा, जास्तीचे कपडे आणि भायखळ्याची राणीची बाग. तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये सहल कुठून आली? मला विचाराल तर अशी सहल हीच मुळात इतिहासाची गोष्ट आहे. पोराला घेऊन दिवसभर बाहेर पडायचं तर आधी सुट्टी लागते, मग जागा लागते आणि खिशाला परवडावं लागतं. यातलं काहीच आपल्या खापरपणजोबांना आपोआप मिळालेलं नव्हतं. गिरणगावाच्या बाबतीत तर सुट्टी कधी मिळाली, ती तारीखसुद्धा सांगता येते. १० जून १८९०.

तिथूनच सुरू करू.

मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी उभी केली, १८५० च्या दशकात, ताडदेवला. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी हा पट्टा चिमण्यांनी भरून गेला. विजेचे दिवे येण्याआधी गिरणी उजाडल्यावर सुरू व्हायची आणि अंधारल्यावर थांबायची. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठं. आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही.

आणि मुलं? १८८१ चा फॅक्टरी कायदा हा मुलांच्या बाजूचा कायदा मानला जातो. त्यात लिहिलं काय होतं, ते बघा. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायचं नाही. सात ते बारा वयाच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम करून घ्यायचं नाही आणि त्यांना महिन्यात चार सुट्ट्या द्यायच्या. ही सुधारणा होती बरं का! म्हणजे त्याआधी काय असेल, ते तुम्हीच ठरवा. मोठ्यांसाठी त्यात काहीच नव्हतं.

सात वर्षांपेक्षा लहान पोरं कुठे असायची? काही आईबरोबर गिरणीत, कापसाच्या धुळीत. काही खोलीवर, शेजारणीच्या नाहीतर म्हातारीच्या भरवशावर. ती दिवसभर शांत पडून राहावीत म्हणून त्यांना अफूची गोळी चाटवायची पद्धत होती. 'बाळागोळी' म्हणायचे तिला. विसाव्या शतकात बरीच वर्षं उलटेपर्यंत ही पद्धत चालू होती आणि त्या काळच्या अहवालांमध्ये तिची नोंद आहे. त्या आयांना नावं ठेवणं सोपं आहे. मी ठेवणार नाही. अडीच वर्षांचं पोर पंधरा मिनिटं एका जागी बसवून दाखवा, मग बोलू.

आता नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८. जोतिराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही संघटना उभी केली आणि मागण्या मांडल्या. त्यातली एक मागणी होती आठवड्याला एक दिवस सुट्टी, तीही रविवारी. रविवारच का? साहेबांचा चर्चचा दिवस म्हणून तो सोयीचा होताच, पण रविवार हा आपल्या खंडोबाचाही वार, हा मुद्दा लोखंड्यांनी मांडला असं सांगतात. मला हे फार आवडतं.

हे सहज झालं नाही. सहा वर्षं अर्ज, सभा, सह्या. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायकासुद्धा बोलल्या. १८९० साल आहे हे, विसरू नका! त्यानंतर १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत लोकांसाठी काम करता करता गेले. पन्नाशीसुद्धा गाठली नाही.

तर सुट्टी मिळाली. आता जागा.

राणीची बाग तेव्हा होतीच. ती मुळात झाडांची बाग. शेती आणि बागकामाला वाहिलेल्या एका संस्थेची बाग आधी शिवडीला होती. ती जागा युरोपियनांच्या दफनभूमीसाठी गेली आणि माझगाव-भायखळ्याच्या बाजूला नवी बाग तयार झाली. १८६२ च्या नोव्हेंबरमध्ये गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या पत्नीच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. नाव व्हिक्टोरिया गार्डन्स. लोकांनी त्याचं राणीची बाग केलं. या सगळ्याच्या मागे धडपडणाऱ्यांमध्ये डॉ. भाऊ दाजी लाड होते. गोव्याच्या पेडण्याकडचा माणूस, मुंबईत डॉक्टर झाला. बागेला लागून असलेलं संग्रहालय १८७२ मध्ये उघडलं, त्याला आज त्यांचं नाव आहे.

आणि प्राणी कधी आले? बाग आधी ३३ एकरांची होती. त्यात १५ एकर जोडले आणि प्राणिसंग्रहालय झालं, ते साल १८९०.

तेच साल! एकाच वर्षी गिरणगावाला रविवार मिळाला आणि गिरणगावापासून चालत जाण्याच्या अंतरावर वाघ-सिंह बघायला मिळू लागले. या दोन गोष्टी ठरवून एकत्र आलेल्या नाहीत. एक लढून मिळाली, दुसरी वरून दिली गेली. पण पोराला खांद्यावर घेऊन निघालेल्या कामगाराला त्यानं काय फरक पडतो? माझे आजोबा काळाचौकीहून माझ्या बाबांना असेच खांद्यावर बसवून न्यायचे. बस नाही, ट्राम नाही. वाचलेल्या पैशांचे चणे.

यंदा थंडीत आम्ही आमच्या लेकीला घेऊन गेलो. वय अडीच. वाघ झोपला होता, तिनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कावळा मात्र दहा मिनिटं बघितला. मग मुंग्या. आणि मग संग्रहालयाच्या बाजूला ती जी थबकली, ते दगडी हत्तीसमोर. "हत्ती पडला?" तिनं विचारलं. मी म्हटलं, हो गं बाई, पडला होता खरा.

त्या हत्तीची गोष्ट ऐकाच. हा हत्ती मूळचा घारापुरी बेटावरचा. पोर्तुगीज तिथे उतरले तेव्हा धक्क्याजवळ हा प्रचंड दगडी हत्ती उभा होता, म्हणून त्यांनी बेटाला नाव दिलं एलिफंटा. म्हणजे जगभर ज्या नावानं ती लेणी ओळखली जातात, त्या नावाचा मालक लेण्यांपाशी नाहीच, तो भायखळ्याला आहे! १८१४ मध्ये त्याचं डोकं आणि मान गळून पडली. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. क्रेननं उचलताना साखळ्या तुटल्या, हत्ती कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. तुकडे इंग्लंडला न्यायचे तरी कसे? ते आले राणीच्या बागेत. पुढे १९१४ मध्ये कॅडेल आणि ह्युएट या दोघांनी ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. जवळून बघितलंत तर सांधे दिसतात. अडीच वर्षांच्या मुलीला दिसले, तर तुम्हाला नक्की दिसतील.

मला वाटतं, राणीची बाग हा मुंबईचा माळा आहे. घरात ठेवता येत नाही आणि टाकवतही नाही, अशी प्रत्येक गोष्ट शहरानं इथे आणून ठेवली. काळा घोडा घ्या. प्रिन्स ऑफ वेल्सच्या मुंबईभेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससूननी दिलेला पुतळा, १८७९ मध्ये उभारलेला. १९६५ मध्ये तो उचलून इथे आणला. तिकडे चौकाला नाव काळा घोडा आणि घोडा इकडे. २०१७ मध्ये त्या चौकात नवा घोडा बसवला, पण स्वाराशिवाय. खुद्द व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळाही संग्रहालयाच्या आवारात येऊन पडला. पुतळे हलले, बागेचं नावही बदललं. आज ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. पण टॅक्सीवाल्याला सांगताना आपण राणीची बागच म्हणतो. माझी आई म्हणते, जिजाऊ काय राणी नव्हत्या? चालतंय की!

राहिला पैशांचा प्रश्न. जुलै २०१६ मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. त्यातला एक त्याच ऑक्टोबरमध्ये गेला. मार्च २०१७ पासून ते लोकांना बघता येऊ लागले, गर्दी उसळली आणि त्याच वर्षी मोठ्यांचं तिकीट ५ रुपयांवरून ५० झालं. आई, बाबा आणि दोन मुलं अशा कुटुंबाला मिळून १००. मॉलमधल्या प्ले झोनशी तुलना केली तर हे काहीच नाही, मान्य. पण मला खटकतं ते वेगळंच: या हिशोबातल्या कुटुंबात आजी नाही. गिरणगावात पोरं सांभाळली कोणी? आजीनंच.

अजून एक. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार आता किती जणांकडे उरलाय? हे ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जण डिलिव्हरी करतात, मॉलमध्ये उभे राहतात, कॉल सेंटरला रात्रपाळी करतात. त्यांची सुट्टी मंगळवारी नाहीतर गुरुवारी, बायकोची दुसऱ्याच वारी, आणि पोराचा सगळा आठवडाच सुट्टीचा. तिघांचा एक दिवस जुळवायला आज पुन्हा कॅलेंडर घेऊन बसावं लागतं.

जुळला तर जाऊन या. भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरा, चालत जाता येतं. सकाळी लवकर जा, दुपारी पोरं किरकिर करतात. प्राणी शेवटी ठेवा, आधी हत्ती दाखवा. आणि सुट्टी बुधवारची असेल तर थांबा, बुधवारी बाग बंद असते.