गोदामाला टाळं, आतला माल कुणाचा?

२० जानेवारी २०१२ची सकाळ. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडबाहेर कोट्सविल नावाची हिरवीगार, श्रीमंतांची वस्ती आहे. तिथल्या एका अवाढव्य बंगल्याच्या आवारात पोलिसांचं हेलिकॉप्टर उतरलं. पाठोपाठ आणखी एक. बंदूकधारी पोलीस आणि कुत्रे आत घुसले. घरमालक वरच्या बाजूच्या एका सुरक्षित खोलीत जाऊन बसलेला सापडला. आवारात गुलाबी कॅडिलॅक उभी होती, रोल्स-रॉइस होती. गाड्यांच्या नंबरप्लेटांवर ‘गॉड’, ‘माफिया’, ‘हॅकर’ असे शब्द होते. एका पाटीवर तर चक्क ‘गिल्टी’, म्हणजे ‘दोषी’. पोलिसांचं निम्मं काम मालकानेच करून ठेवलेलं.

हा किम डॉटकॉम. मूळचा जर्मनीतल्या कील शहरातला किम श्मिट्झ; पुढे धंद्याला शोभेल असं आडनाव त्याने घेतलं. दुसऱ्याच दिवशी त्याचा अडतिसावा वाढदिवस होता. तिकडे अमेरिकेत अजून १९ तारीखच होती. तिथे त्याची ‘मेगाअपलोड’ ही साइट उघडणाऱ्यांना एफबीआयचा शिक्का दिसू लागला. सरकारी वकिलांनी आरोपपत्रात दिलेले आकडे असे: नोंदणीकृत वापरकर्ते १५ कोटींहून अधिक, रोजच्या भेटी ५ कोटी, जगातल्या इंटरनेट वाहतुकीचा ४ टक्के वाटा, बेकायदा कमाई १७.५ कोटी डॉलर आणि स्वामित्वहक्कधारकांचं नुकसान ५० कोटी डॉलरच्या वर.

त्या काळी कॉलेजात असलेल्यांना ७२चा आकडा अजून आठवत असेल. मेगाअपलोडच्या ‘मेगाव्हिडिओ’ या भावंडावर फुकट्यांना सलग ७२ मिनिटंच बघायला मिळायचं. सिनेमा मध्यंतर ओलांडून रंगात यायचा आणि पडद्यावर पैसे भरण्याची पाटी यायची. मग कुणीतरी उठून राउटर बंद-चालू करायचा. यंत्राला नवा पत्ता मिळाला की घड्याळ पुन्हा शून्यावर. पायरसीच्या अर्थशास्त्रावर ग्रंथ लिहिले गेलेत, पण फुकट मिळालेल्या चोरीच्या मालासाठीसुद्धा काही लोक पैसे मोजायला तयार असतात, हे त्या ७२ मिनिटांनी फार लवकर दाखवून दिलं होतं.

पण त्याआधी नॅपस्टर होऊन गेलं होतं, आणि ते समजल्याशिवाय मेगाअपलोड समजत नाही. १९९९च्या जूनमध्ये शॉन फॅनिंग या बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या पोराने एक प्रोग्रॅम लिहून खुला केला. गाणी ज्याच्या त्याच्या संगणकावरच राहायची. कुणाकडे काय आहे याची यादी तेवढी नॅपस्टरच्या सर्व्हरवर. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेकॉर्ड कंपन्यांनी दावा ठोकला. पुढच्या एप्रिलमध्ये ‘मेटॅलिका’ हा बँड कोर्टात गेला. मे २०००मध्ये त्यांचा ड्रमर लार्स उलरिक नॅपस्टरच्या कचेरीत नावांच्या छापील याद्यांची खोकी घेऊन पोचला. ३ लाख ३५ हजारांवर नावं, त्यांची गाणी वाटणाऱ्यांची. बाहेर जमलेले चाहते आपल्याच लाडक्या वादकाला शिव्या घालत होते. बाजू कायद्याने त्याची होती, पण खोकी उचलणारा करोडपती आणि यादीतली पोरं खिसे फाटके, हे दृश्य काही त्याच्या बाजूचं नव्हतं.

जुलै २००१मध्ये नॅपस्टर बंद पडलं. यादी एका जागी होती, म्हणून तिला टाळं लावता आलं. पुढे आलेल्यांनी यातून धडा घेतला. ब्रॅम कोहेनचं बिटटोरेंट २००१चंच. त्यात एका फाइलचे तुकडे हजारो यंत्रांवर विखुरलेले, मधे मालक नाही. असे टोरेंट शोधून देणाऱ्या स्वीडनच्या ‘पायरेट बे’वर मे २००६मध्ये धाड पडली आणि तीन दिवसांत साइट परत उभी राहिली. २००९मध्ये साइटशी संबंधित चौघांना वर्षभराची कैद सुनावली गेली. त्याच वर्षी त्या देशात ‘पायरेट पार्टी’ नावाच्या पक्षाने ७.१ टक्के मतं मिळवून युरोपीय संसदेत माणूस धाडला. चाचेगिरीचा छापा अंगावर मिरवणारे लोक राजकारणात यायला लागले होते. अर्थात हा शब्द कोण कुणाला लावतो, यावर बरंच अवलंबून असतं. दस्तक, म्हणजे परवाना, न घेता कोकण किनाऱ्यावरून जाणारी जहाजं पकडणाऱ्या कान्होजी आंग्र्यांनाही ईस्ट इंडिया कंपनीचे इंग्रज चाचेच म्हणत.

मेगाअपलोड हे यातलं काहीच नव्हतं. ते गोदाम होतं. २००५मध्ये हाँगकाँगमधून सुरू झालेलं, आणि सर्व्हर भाड्याने घेतलेले, त्यातले हजारावर उत्तर अमेरिकेत, आणि त्यांतले बरेच व्हर्जिनिया राज्यात. म्हणून तर खटला तिथे गुदरता आला. कुणीही यावं, फाइल ठेवावी, मिळालेला दुवा हवा त्याला द्यावा. ईमेलला न जोडता येणारी जड फाइल पाठवण्याचा तो सोयीस्कर मार्ग होता. लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करणारा, कुठल्यातरी कंपनीचा नकाशा पाठवणारा आणि काल लागलेल्या सिनेमाची प्रत चढवणारा, सगळे एकाच फाटकातून आत जायचे.

खटल्याचा गाभा या गोदामाच्या रचनेतच आहे, आणि तो हेलिकॉप्टरपेक्षा जास्त रंजक आहे. एखादी फाइल चढली की यंत्रणा तिचा गणिती ठसा काढायची. तोच ठसा आधीपासून साठ्यात असेल, तर दुसऱ्यांदा फाइल ठेवायचीच नाही. नव्या माणसाला त्याच फाइलकडे नेणारा नवा दुवा द्यायचा. म्हणजे माल एक आणि चाव्या शंभर. एखाद्या स्टुडिओने तक्रार केली की मेगाअपलोड ती एक चावी रद्द करायचं. उरलेल्या नव्याण्णव चालू. सरकारी वकील म्हणाले, ही निव्वळ धूळफेक आहे. बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रं सापडली की हेच लोक मूळ फाइलच उडवू शकतात, मग सिनेमाच्या वेळी हात का आखडतो? वर जास्त डाउनलोड खेचणाऱ्या वापरकर्त्यांना रोख बक्षिसं दिली जात होती, आणि ती देताना वरिष्ठांना फाइली कसल्या आहेत याची कल्पना होती, असं त्यांच्याच आपसातल्या ईमेल दाखवून मांडण्यात आलं.

बचावाचं उत्तर अगदीच टाकाऊ नव्हतं. एकच गाणं एकाने चोरून वाटण्यासाठी ठेवलेलं असतं, तर दुसऱ्याने विकत घेतलेल्या सीडीची प्रत म्हणून. ठसा दोघांचा सारखा. एकाच्या गुन्ह्यासाठी दुसऱ्याचीही प्रत पुसायची का? प्रश्न बिनतोड आहे. फक्त तो विचारणाऱ्याच्या दारात गुलाबी कॅडिलॅक नसती तर अधिक शोभला असता.

भारतात मात्र या गोदामाला आधीच एकदा टाळं लागून गेलं होतं. जुलै २०११मध्ये ‘सिंघम’ प्रदर्शित व्हायचा होता. गोव्यात बदली होऊन आलेल्या मराठी इन्स्पेक्टर बाजीरावाचा सिनेमा. रिलायन्सच्या चित्रपट कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयातून ‘जॉन डो’ आदेश मिळवला. चोर कोण हे ठाऊक नसताना सोम्यागोम्याविरुद्ध आधीच मनाई घ्यायची, असा हा प्रकार. आपल्या कोर्टांत या सोम्यागोम्याचं नाव ‘अशोक कुमार’. आदेश हाती पडताच काही इंटरनेट कंपन्यांनी ‘सिंघम’चे दुवे हुडकत बसण्याऐवजी मेगाअपलोडसकट फाइल साठवणाऱ्या आख्ख्या साइटच बंद करून टाकल्या. पुढच्या उन्हाळ्यात मद्रास उच्च न्यायालयाच्या तसल्याच आदेशाने धनुषच्या ‘३’ या सिनेमापायी व्हिमिओसारखी प्रतिष्ठित साइटही भारतात दिसेनाशी झाली. ९ जून २०१२ला मुंबईच्या आझाद मैदानात तरुण मुखवटे घालून निषेधाला उभे राहिले. पंधरवड्याने मद्रासच्या न्यायालयानेच स्पष्ट केलं की बंदी नेमक्या दुव्यांवर आहे, आख्ख्या साइटवर नाही.

टाळं लावल्याने धंद्याला फायदा होतो का? होतो, पण ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी १२ देशांतली आकडेवारी तपासली. मेगाअपलोड गेल्यावर दोन मोठ्या स्टुडिओंची इंटरनेटवरची विक्री आणि भाडं मिळून उत्पन्न ६.५ ते ८.५ टक्क्यांनी वाढलं होतं. युरोपातल्या दुसऱ्या अभ्यासाने चित्रपटगृहांचा गल्ला पाहिला. तिथे भव्य सिनेमांना लाभ झाला आणि बाकीच्यांचा गल्ला उलट थोडा घसरला. कारण म्हणून त्यांनी तोंडी प्रसिद्धीकडे बोट दाखवलं: फुकट पाहणाराही चार जणांना सांगतो. आपल्याकडे २०१६मध्ये ‘सैराट’ची चोरटी प्रत मोबाइलवरून मोबाइलवर फिरत होती आणि तरी तोवरच्या कुठल्याही मराठी सिनेमाने कमावले नसतील एवढे पैसे त्याने कमावले. यावरून चोरी पथ्यावर पडते असं कुणी म्हणू नये. अजय-अतुलची गाणी आणि नागराज मंजुळेंसारखा दिग्दर्शक प्रत्येक निर्मात्याच्या नशिबी नसतो, आणि पहिल्या आठवड्यातच संपणाऱ्या छोट्या मराठी सिनेमाला पहिल्या दिवशीची गळती परवडत नाही.

त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यासमोर ‘ढिशूम’सारख्या सिनेमांचे अर्ज आले. सबंध साइट बेकायदा आहे हे दाखवल्याशिवाय ती सबंध बंद करणार नाही, दुवे तपासून आणा, असं त्यांनी बजावलं. बंद केलेल्या पानावर कोर्टाचा आणि दाव्याचा तपशील आणि तक्रार कुठे करायची हे लिहा, म्हणजे निर्दोष माणसाला दाद मागता येईल, असंही सांगितलं. त्या ऑगस्टमध्ये बंदीच्या पानावरचा मजकूर घराघरांत धडकी भरवत होता: नुसतं पाहिलंत तरी तीन वर्षं कैद. पटेल यांनी तो बदलायला लावला. गुन्हा पाहण्यात नाही, परवानगीशिवाय वाटण्यात, जाहीर दाखवण्यात किंवा विकण्यात आहे, असं त्यांनी नोंदवलं. सबंध वादात इतकं शहाणपणाचं दुसरं काही क्वचितच कुणी लिहिलं असेल. पुढे वारं फिरलं. २०१९मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नवनव्या नावांनी उगवणाऱ्या चोरट्या साइट पुन्हा नव्याने दावा न लावता बंद करण्याची मुभा दिली, आणि २०२३च्या कायद्याने सिनेमाच्या चोरट्या चित्रीकरणाला किमान तीन महिने कैद आणि तीन लाख रुपये दंड ठरवला.

कोट्सविलच्या धाडीचं काय झालं? धाडीचे वॉरंट आधी बेकायदा ठरले, मग वरच्या कोर्टांत वैध ठरले. न्यूझीलंडच्या गुप्तचर खात्याने डॉटकॉमवर बेकायदा पाळत ठेवल्याचं उघड झालं आणि पंतप्रधान जॉन की यांना माफी मागावी लागली. त्याचे दोन सहकारी, मथियास ऑर्टमन आणि ब्रॅम व्हान डर कोल्क, यांना २०२३मध्ये न्यूझीलंडमध्येच अडीच वर्षांच्या आसपास शिक्षा झाली. डॉटकॉमला अमेरिकेच्या ताब्यात देण्याच्या आदेशावर मंत्र्याची सही पडली ऑगस्ट २०२४मध्ये, धाडीनंतर साडेबारा वर्षांनी.

आणि गोदामातला माल? व्हर्जिनियातल्या कार्पेथिया या कंपनीकडे १,१०३ सर्व्हर पडून राहिले, त्यांवर अडीच कोटी गिगाबाइटचा साठा. सांभाळायला दिवसाला ९,००० डॉलर लागतात, असं कंपनीने कोर्टाला सांगितलं. सरकार म्हणालं, आम्हाला हवं ते आम्ही उतरवून घेतलं. सिनेमा कंपन्या म्हणाल्या, पुरावा आहे, पुसू नका, पण वाटूही नका. ओहायो राज्यात शाळांचे सामने चित्रित करून पोट भरणारा एक माणूस ग्राहक म्हणून कोर्टात गेला. धाडीच्या थोडंच आधी त्याच्या घरची हार्ड डिस्क बिघडली होती आणि दुसरी प्रत मेगाअपलोडवर होती, पैसे भरून ठेवलेली. त्याचा पहिला अर्ज मार्च २०१२चा. त्यानंतर वर्षानुवर्षं अर्ज होत राहिले, पण ग्राहकांना फाइली परत देण्याची व्यवस्था काही झाली नाही. नेदरलँड्समध्ये लीजवेब या कंपनीकडे मेगाअपलोडचे आणखी ६३० सर्व्हर होते. वर्षभर कुणी विचारपूस केली नाही, असं सांगत २०१३मध्ये कंपनीने ते कोरे करून दुसऱ्या ग्राहकांना दिले.