पारपटलाच्या मोजमापाचा इतिहास

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत गढूळ झालेले नैसर्गिक भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात, आणि त्या भिंगाचा नंबर ठरवताना डोळ्याची लांबी व पारपटलाची, म्हणजे बुबुळापुढील पारदर्शक आवरणाची, वक्रता या दोन मापांवर मुख्य भिस्त असते. यांपैकी दुसरे माप भिंगारोपणाहून तीन शतकांनी जुने असून ते प्रथम घेतले गेले, तेव्हा मोतीबिंदूशी त्याचा काही संबंध नव्हता.

पारपटल बहिर्वक्र आरशासारखे असल्यामुळे त्यावर समोरच्या वस्तूचे प्रतिबिंब पडते, आणि वक्रता जितकी अधिक तितके ते लहान होते. क्रिस्टॉफ शायनर या जेझुइट पंडिताने 1619 मध्ये डोळ्याशेजारी निरनिराळ्या आकारांच्या काचेच्या गोट्या धरल्या आणि ज्या गोटीतले खिडकीचे प्रतिबिंब पारपटलावरील प्रतिबिंबाएवढे भरले, तिची वक्रता तीच पारपटलाची असे मानले.

परंतु जिवंत डोळा क्षणभरही स्थिर राहत नाही. त्यावरचा उपाय खगोलशास्त्रात होता: सूर्यबिंबाचा व्यास मोजणाऱ्या हेलिओमीटर या दुर्बिणीत एका बिंबाची दोन करून ती कडेला कड लागेपर्यंत सरकवत, आणि दोन्ही एकदमच हलत असल्याने त्यांची जुळणी बिघडत नसे. लंडनचे उपकरणकार जेसी रॅम्सडेन यांनी 18 व्या शतकाच्या अखेरीस आणि हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी 1850 च्या दशकात द्विप्रतिमेची हीच युक्ती डोळ्यासाठी योजली. जवळचे पाहताना पारपटलाचा आकार बदलतो काय, हा त्या काळचा प्रश्न होता. 1881 मध्ये पॅरिसमध्ये जाव्हाल आणि श्योत्स यांनी हे उपकरण दवाखान्यात वापरण्याजोगे केले, ते मुख्यतः दृष्टिवैषम्याचा, म्हणजे दोन दिशांतील असमान वक्रतेचा, चष्मा ठरवण्यासाठी.

हॅरल्ड रिडली यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात 29 नोव्हेंबर 1949 रोजी पहिले कृत्रिम भिंग बसवले, तेव्हा त्याचा आकार नैसर्गिक भिंगावरून घेतलेला होता. मात्र ते ज्याचे बनवले होते ते पर्स्पेक्स हे प्लास्टिक प्रकाशाला नैसर्गिक भिंगापेक्षा अधिक वाकवत असल्याने रुग्णाला सुमारे 18 डायॉप्टरचा लघुदृष्टिदोष आला. भिंग डोळ्यात बसू शकते हे सिद्ध झाले, पण त्याची शक्ती आधी गणिताने काढावी लागेल हेही उघड झाले. 1967 मध्ये सोव्हिएत नेत्रतज्ज्ञ फ्योदोरोव्ह यांनी तसे सूत्र मांडले, आणि 1980 मध्ये सँडर्स, रेट्झलाफ व क्राफ यांचे सोपे सूत्र आले: भिंगाच्या स्थिरांकातून डोळ्याच्या लांबीची अडीचपट आणि पारपटलशक्तीची 0.9 पट वजा करायची. स्थिरांक 118.4, लांबी 23.5 मिलिमीटर आणि पारपटलशक्ती 43.5 डायॉप्टर असल्यास उत्तर 20.5 येते, म्हणजे पारपटलाच्या मापात एका डायॉप्टरची चूक झाली, तर भिंगाच्या शक्तीत 0.9 डायॉप्टरची चूक होते.

तरीही 43.5 हा आकडा पूर्णपणे मोजलेला नसतो. उपकरण केवळ पुढच्या पृष्ठभागाची त्रिज्या मोजते, आणि मागच्या पृष्ठभागाचे तिच्याशी ठराविक प्रमाण आहे असे धरून, 1.3375 या मानीव अपवर्तनांकाने तिचे शक्तीत रूपांतर केले जाते. चष्मा घालवण्यासाठी लेसरने पुढचाच पृष्ठभाग बदललेल्या डोळ्यांत ते प्रमाण मोडले आणि नेहमीची सूत्रे चुकू लागली. त्यामुळे शायनरच्या गोट्यांपासून केवळ प्रतिबिंबावर चाललेल्या या मोजमापाला, पारपटलाच्या मागच्या बाजूचीही दखल घेणे भाग पडले.