तीन पर्णिकांची कुळकथा : मेथी, लसूणघास आणि बरसीम

१/ परभणी जिल्ह्यातील राणीसावरगावच्या एखाद्या परसबागेत मेथी, लसूणघास आणि बरसीम शेजारच्या वाफ्यांत पेरले, तर कोवळेपणी तिन्हींची रोपे सारखीच भासतात : एका देठावर तीन पर्णिका. हे साम्य फसवे आहे. यांतील दोघे सख्खे नातलग आहेत, तिसरा दूरचा. हे नाते ओळखता न आल्यास पीक पिवळे पडू शकते.

२/ लसूणघासाचा लसणीशी संबंध नाही. 'लूसर्न' या परकीय नावाला मराठी जिभेने दिलेले हे रूप दिसते. त्याचे शास्त्रीय नाव 'मेडिकागो' प्राचीन इराणमधील मीडिया प्रांताची आठवण जपते. इराणी सम्राट दारियसच्या स्वारीबरोबर हा चारा ग्रीसमध्ये पोहोचला, असे रोमन लेखक प्लिनीने नोंदवले आहे.

३/ मेथीची कथा उलट्या दिशेची. तिच्या लॅटिन नावाचा अर्थ 'ग्रीक गवत'. मराठी घरात जी भाजी झाली, तिला रोमन लोक चारा म्हणून ओळखत.

४/ क्लोव्हरच्या 'ट्रायफोलियम' या प्रजातीतले तिघांपैकी एकटे बरसीम. नाईलच्या खोऱ्यातील हा हिवाळी चारा १९०४ मध्ये इजिप्तमधून सिंधमध्ये आला. तेव्हा सिंध मुंबई इलाख्याचाच भाग होता.

५/ ओळखावे कसे? मधली पर्णिका पाहावी. मेथी आणि लसूणघासात तिला स्वतःचा छोटा देठ असतो. बरसीममध्ये तिन्ही पर्णिका जवळजवळ एकाच बिंदूतून निघतात. फुलोऱ्यावर शंका उरत नाही : लसूणघासाची फुले जांभळी व शेंग पीळदार, बरसीमचे पांढरट गोंडे, मेथीची लांब चोचदार शेंग. बदामी पर्णिकांची आंबट आंबुशी तर या कुळातलीच नव्हे.

६/ क्लोव्हरनंतरचे धान्य जोमदार येते, हे युरोपातील शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते; कारण ठाऊक नव्हते. १८८६ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेलरीगेल यांनी मुळांवरील गाठींचा आणि हवेतील नत्राचा संबंध दाखवला. १८८८ मध्ये डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी त्या गाठींतील जिवाणू वेगळा केला.

७/ पुढे कळले की प्रत्येक जिवाणू प्रत्येक पिकाशी जुळत नाही. मेथी आणि लसूणघास यांचा जिवाणू एकच. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मेथी पिकवलेल्या जमिनीत लसूणघासाला आपला सोबती भेटण्याची शक्यता अधिक. बरसीमचा जिवाणू मात्र निराळा. जिथे ते पूर्वी कधी घेतलेले नाही, तिथे तो पुरेसा असेलच असे नाही. अशा ठिकाणी बियाण्याला बरसीमचेच जिवाणूसंवर्धक चोळावे लागते.

८/ लसूणघास एकदा रुजला की तीन-चार वर्षे कापण्या देतो. बरसीम एका रब्बीचा पाहुणा. दोन्हींची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरची. महिन्या-दीड महिन्याने एक रोप अलगद उपटून गाठ चिरावी. आत गुलाबी रंग दिसला, तर नत्राचे काम सुरू आहे. गाठीच नसतील, तर पीक आले. त्याचा सोबती वाटेतच राहिला.