पंखाविना 'पी' : इंग्रजीतील मुक्या अक्षरांची वंशावळ

१/
स्कॉटलंडच्या उंच डोंगरमाथ्यांवर एक पक्षी राहतो. उन्हाळ्यात त्याची पिसे खडकासारखी करडी-तपकिरी असतात, हिवाळ्यात बर्फासारखी पांढरी होतात. इंग्रजीत त्याला 'टार्मिगन' म्हणतात. लिहिताना मात्र 'टी'च्या आधी 'पी' लिहावा लागतो, आणि तो कोणीही उच्चारत नाही. हा 'पी' आला कोठून? उत्तर आहे १६८४ सालच्या एका लॅटिन ग्रंथात.

२/
आधी त्याचे सोबती पाहू. 'पी-टी' या जोडीने सुरू होणारे इंग्रजी शब्द मोजकेच आहेत आणि बहुतेक ग्रीक कुळातले आहेत.
• टेरोडॅक्टिल : प्राचीन उडता सरीसृप. प्टेरॉन म्हणजे पंख, डॅक्टिलॉस म्हणजे बोट.
• टोसिस : वरची पापणी ओघळणे. मूळ अर्थ 'पडणे'.
• टोमेन : कुजणाऱ्या पदार्थात तयार होणारे द्रव्य. प्टोमा म्हणजे प्रेत.
• टिझॅन : जवाचे औषधी पाणी. मूळ अर्थ सोललेले जव.

३/
ग्रीक माणूस हे दोन्ही वर्ण स्पष्ट उच्चारत असे. इंग्रजी जिभेला शब्दारंभी ही जोडी पेलत नाही, म्हणून तिथला 'पी' मुका झाला. शब्दाच्या मध्ये मात्र तीच जोडी सहज उच्चारली जाते. उदाहरण रोजच्या ओळखीचे आहे : हेलिकॉप्टर. त्याची खरी फोड 'हेलि' आणि 'कॉप्टर' अशी नाही. 'हेलिको' म्हणजे मळसूत्राकार आणि 'प्टेर' म्हणजे पंख.

४/
या सर्व शब्दांना 'पी'चा वारसाहक्क आहे. टार्मिगनला तो नाही. हा शब्द स्कॉटिश गेलिक भाषेतील 'टार्मखन'वरून आला आणि त्यात 'प' कधीच नव्हता. एडिनबराचे वैद्य व निसर्गअभ्यासक रॉबर्ट सिबॉल्ड यांनी १६८४ साली 'स्कॉटिया इलस्ट्राटा' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात हे नाव 'पी' लावून लिहिले. पक्षी म्हटला की पंख आले, पंख म्हटले की ग्रीक 'प्टेरॉन' आले. साम्य मोहक होते, पण खोटे होते.

५/
गंमत अशी की ग्रीकमध्ये 'प्टार्मोस' हा शब्द खरोखर आहे. त्याचा अर्थ मात्र 'शिंक'! शिंक आणणाऱ्या एका वनस्पतीच्या शास्त्रीय नावात, अकिलिया टार्मिका यात, तो आजही टिकून आहे. डोंगरी पक्ष्याला पंखांचे कुळ मिळवून देण्याच्या प्रयत्नात त्याचे नाव शिंकेच्या शेजारी जाऊन बसले.

६/
सिबॉल्ड एकटे नव्हते. त्यांच्या आधीची दोन शतके युरोपात ग्रीक-लॅटिन विद्येच्या पुनरुज्जीवनाची होती. फ्रेंचमधून आलेले साधे शब्द विद्वानांना ओबडधोबड वाटू लागले. 'डेट' (कर्ज) आणि 'डाउट' (शंका) हे शब्द मध्ययुगीन इंग्रजीत 'बी'शिवाय लिहिले जात. लॅटिन 'डेबिटुम' व 'दुबितारे' यांची आठवण म्हणून त्यांत 'बी' बसवला गेला. 'रिसीट'मध्ये 'पी' आला तोही असाच. फ्रेंचांनीही काही काळ असा 'बी' लिहिला, पण पुढे काढून टाकला. इंग्रजीत तो राहिला.

७/
येथे एक भेद ध्यानात घ्यावा. 'डेट'चा 'बी' निदान खऱ्या पूर्वजाचा आहे. 'आयलंड'चा 'एस' तर परक्या घरचा आहे. हा शब्द अस्सल जुन्या इंग्रजीतला. त्याचा लॅटिन 'इन्सुला'शी संबंध नाही. 'इन्सुला'वरून आलेला शब्द 'आइल' आहे. दोघांचा अर्थ जवळचा, म्हणून एकाचा 'एस' दुसऱ्याला चिकटला.

८/
समकालीनांना हे खटकत नव्हते असे नाही. १५९८ साली छापलेल्या शेक्सपिअरच्या 'लव्हज लेबर्स लॉस्ट' या नाटकात होलोफर्निस नावाचा पंतोजी आहे. 'डेट' आणि 'डाउट'मधला 'बी' लोक उच्चारत नाहीत, म्हणून तो चिडतो. लेखणीने घुसवलेले अक्षर जिभेनेही मान्य करावे, हा त्याचा हट्ट. प्रेक्षक हसले असतील ते या हट्टाला.

९/
मुद्रणाने आणि कोशांनी ही रूपे पक्की केली. सॅम्युअल जॉन्सन यांच्या १७५५च्या कोशात 'रिसीट'ला 'पी' आहे, पण त्याच लॅटिन धातूच्या कुळातील 'डिसीट'ला (फसवणूक) नाही. नियम एकच असता तर दोन्हीकडे असता किंवा दोन्हीकडे नसता. प्रमाणलेखन म्हणजे निव्वळ तर्क नव्हे. त्यात सवय आणि अधिकार यांचाही वाटा असतो.

१०/
किंमत कोणी मोजली? लॅटिन जाणणाऱ्याला तो 'बी' ओळखीचा होता. ज्याला लॅटिन शिकण्याची संधीच नव्हती, त्याला तो केवळ पाठ करावा लागला; चुकला तर अडाणी ठरला.
इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी यात आणखी एक बोध आहे. शब्दाचे लेखन हा पुरावा असतो, पण तो तपासून घ्यावा लागतो. बनावट वंशावळी दरबारातच रचल्या जातात असे नाही; त्या शब्दकोशातही सापडतात, आणि रचणाऱ्याचा हेतू पुष्कळदा प्रामाणिक असतो.

११/
मराठीनेही हा प्रश्न अनुभवला आहे. जुन्या पुस्तकांत 'दांत', 'पांच' असे अनुस्वार दिसतात. संस्कृत 'दन्त' व 'पञ्च' यांची ती खूण होती. प्रमाण उच्चारातून मात्र ते नाहीसे झाले होते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले आणि न उच्चारले जाणारे असे अनुस्वार गळाले. व्युत्पत्तीची एक खूण पुसली गेली. शिकणाऱ्या मुलाच्या पाटीवरचे ओझे कमी झाले. इंग्रजीने तीच निवड उलट केली. म्हणून तो डोंगरी पक्षी आजही आपल्या नावाआधी एक न बोलणारे अक्षर वाहतो आहे.