मांजरीच्या पिलाला ल्युकेमियाची लस : एका निर्णयाचा इतिहास

१. करंजा, रेवस, मुरूड, श्रीवर्धन. रायगडच्या किनाऱ्यावर जिथे मासळी उतरते, तिथे मांजरे असतातच. त्यांतले एखादे पिलू घरात येते आणि प्रश्न पडतो : रेबीजची लस तर द्यायचीच, ल्युकेमियाचीही द्यावी काय? या प्रश्नामागे साठ वर्षांचा इतिहास आहे.

२. स्कॉटलंडमध्ये एकाच घरातील अनेक मांजरांना लसिकाग्रंथींचा कर्करोग झाल्याचे ग्लासगो विद्यापीठातील पशुवैद्यक विल्यम जॅरेट यांच्या कानावर आले. हा योगायोग की संसर्ग? १९६४ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी या रोगामागचा विषाणू दाखवून दिला.

३. हा विषाणू मुख्यतः लाळेतून पसरतो : एकमेकांना चाटताना, एका ताटलीत खाताना, चाव्यातून. आईकडून तो पिलांनाही मिळतो. माणसाला त्याची बाधा होत नाही. १९७० च्या दशकात रक्ततपासणी आली आणि बाधित मांजरे वेगळी ठेवून प्रसार रोखता येऊ लागला. लहान पिलांना धोका सर्वाधिक. वयाबरोबर प्रतिकारशक्ती वाढते, हेही स्पष्ट झाले.

४. १९८५ मध्ये अमेरिकेत पहिली लस बाजारात आली. पण १९९१ मध्ये पेनसिल्व्हेनियातील संशोधकांनी लस टोचल्या जागी होणाऱ्या घातक गाठींकडे लक्ष वेधले. प्रमाण अल्प होते. तरी रेबीज व ल्युकेमिया या दोन्ही लसींशी त्यांचा संबंध आढळला.

५. लस टाकून दिली गेली नाही. टोचण्याची जागा बदलली. मानेमागे टोचण्याऐवजी रेबीजची लस उजव्या मागच्या पायात आणि ल्युकेमियाची डाव्या मागच्या पायात देण्याची शिफारस झाली. गाठ झालीच, तर पाय काढून जीव वाचवता यावा, हा हेतू.

६. आजची रीत अशी : आधी तपासणी, कारण बाधित पिलाला या लसीचा उपयोग नाही. मग आठव्या आठवड्यानंतर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा आणि वर्षाने आणखी एक. पुढचा निर्णय मांजराच्या राहणीवर.

७. बंद सदनिकेत एकटे वाढलेले मांजर पुढे ही लस न घेताही सुरक्षित राहू शकते. कोळीवाड्यातल्या उघड्या दाराच्या घरातले मांजर मात्र बंदरावरच्या मांजरांत मिसळणारच. पिलू पुढे कुठे भटकेल, हे कळेपर्यंत त्याचे सर्वांत नाजूक वय उलटून गेलेले असते. म्हणूनच पहिल्या वर्षी लसीच्या बाजूने कौल दिला जातो. लस हाताशी नसेल, तर सत्तरच्या दशकातला मार्ग उरतोच : तपासणी करा आणि निकाल येईपर्यंत पिलाला इतर मांजरांपासून वेगळे ठेवा.